तोशिकी इनोउए यांचे लेखन: टीव्ही पटकथेपासून मांगापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोशिकी इनोउए नेमके कोण? मांगाकार की पटकथाकार?

आधी पटकथाकार, मग मांगाचे (जपानी चित्रकथांचे) लेखक. जन्म २८ नोव्हेंबर १९५९. शिक्षण सेइकेई विद्यापीठात. १९८१ मध्ये 'डॉक्टर स्लम्प' या अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) मालिकेसाठी त्यांनी पहिल्यांदा लिहिले. पुढची चार दशके टीव्हीसाठी लेखन अखंड चालू राहिले. 'सुपर सेन्ताई' आणि 'कामेन रायडर' या पोशाखधारी नायकांच्या मालिका हे त्यांचे मुख्य क्षेत्र. जपानमध्ये या प्रकाराला तोकुसात्सु म्हणतात. भारतातले बहुतेक प्रेक्षक मात्र त्यांच्यापर्यंत 'डेथ नोट'मुळे पोचतात. त्या अॅनिमेची मालिका-रचना (कथा भागांत वाटण्याचे काम) इनोउएंची आहे, आणि तिथे त्यांचे नाव कुणी वाचत नाही.

मांगासाठी सातत्याने लिहायला त्यांनी २०१२ पासून, पन्नाशी ओलांडल्यावर सुरुवात केली. एरवी प्रवास मांगाकडून पडद्याकडे होतो. इथे तो उलटा झाला आहे, आणि त्याच्या खुणा पानापानांवर दिसतात.

ते चित्रे काढतात का?

नाही. जपानी मांगात लिहिणारा आणि काढणारा वेगवेगळे असणे ही जुनी, मान्य पद्धत आहे. लेखक तीनपैकी एका रूपात मजकूर देतो: कथेसारखा गद्य मजकूर, नाटकासारखी दृश्यवार संहिता, किंवा 'नेमु', म्हणजे चौकटी आणि फुगे कच्चे आखलेला आराखडा. टीव्हीतून आलेला लेखक साहजिकच संहिता देतो. मग पानावर किती चौकटी, कुठली मोठी, कुणाचा चेहरा जवळून, हे चित्रकार ठरवतो. ते छोटे काम नव्हे. छायालेखन, संकलन आणि अभिनय हे सगळे चित्रकाराच्या हातात असते.

घरातच वारसा होता असे म्हणतात. खरे आहे का?

हो. वडील मासारू इगामी (१९३१–१९९१) हे १९७१ च्या मूळ 'कामेन रायडर'चे प्रमुख लेखक. त्याआधी 'ओन्मित्सु केन्शी' ही छुप्या तलवारबाजाची मालिका आणि 'आकाकागे' ही निन्जांची मालिका त्यांच्याच लेखणीतून आली होती. 'इगामी' हे त्यांचे टोपणनाव होते, म्हणून आडनावे जुळत नाहीत. तोशिकी इनोउएंची मुलगीही पटकथाकार आहे, म्हणजे आता तिसरी पिढी.

वडिलांची कथा सरळ होती: दुष्ट संघटना एक योजना आखते, राक्षस पाठवते, नायक ती उधळतो. मुलाने त्याच साच्यात माणसांची भांडणे, मत्सर, प्रेम आणि गैरसमज भरले. साचा तोच राहिला, म्हणून मुले पाहत राहिली, आणि आत भरलेल्या माणसांमुळे मोठेही पाहू लागले.

'जेटमन'चे नाव इतके का घेतले जाते?

त्याआधी १९८६ च्या 'फ्लॅशमन'पासून इनोउए सेन्ताईचे अधूनमधून भाग लिहीत होते. तेव्हा मुख्य लेखक हिरोहिसा सोदा होते. १९९१ साली 'चोजिन सेन्ताई जेटमन' ही मालिका मुख्य लेखक म्हणून इनोउएंकडे आली. मुख्य दिग्दर्शक केइता आमेमिया होते. टीव्ही असाहीवर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचची वेळ, ५१ भाग.

सेन्ताईत तोवर पाच जण म्हणजे एकजुटीची तुकडी असे. इनोउएंनी तिथे प्रेमाचा त्रिकोण आणला. नायक तेंदो र्‍यू आपली हरवलेली प्रेयसी विसरू शकत नाही, श्रीमंत घरातली काओरी त्याच्यात गुंतते, आणि काळ्या पोशाखातला युकी गाइ काओरीत. गाइला हुकूम मानायचा नाही, जग वाचवण्याची त्याला हौस नाही. लहान मुलांच्या वेळेत असे लिहिणे धाडसाचे होते.

(पुढचा परिच्छेद शेवट सांगतो. मालिका पाहायची असेल तर तो सोडा.)

शेवटच्या भागात युद्ध संपून तीन वर्षे झाली आहेत. र्‍यू आणि काओरीच्या लग्नाच्या दिवशी गाइ रस्त्यात एका पाकीटमाराला अडवतो आणि त्याच्या सुऱ्याने मरतो. राक्षसांशी वर्षभर लढलेला माणूस एका साध्या चोराकडून मारला जातो. या शेवटाचा धक्का लागतो कारण आधीच्या पन्नास भागांत गाइ कधीही 'तुकडीतला काळा' नव्हता, तो गाइ होता. २०११ मध्ये 'गोकाइजर' या मालिकेने जुन्या सेन्ताईंना पुन्हा बोलावले, तेव्हा २८ वा भाग, गाइचा भाग, लिहायला इनोउएंनाच बोलावण्यात आले.

'मुख्य लेखक' म्हणजे किती भाग लिहिले? ठिकठिकाणी वेगवेगळी माहिती दिसते.

गोंधळ श्रेयनामावलीमुळे होतो. 'मुख्य लेखक' हा शब्द चाहते वापरतात. जपानी नायक-मालिकांच्या सुरुवातीला त्या-त्या भागाच्या लेखकाचेच नाव येते. म्हणून मालिकेचे नाही, भागाचे श्रेय पाहावे.

'कामेन रायडर कुउगा' (२०००) मध्ये मुख्य काम नारुहिसा आराकावांचे, इनोउएंचे काही भाग. 'आगितो' (२००१) जवळपास सगळी इनोउएंची. 'रयुकी' (२००२) यासुको कोबायाशींची मालिका, तिथे इनोउए दुसरे लेखक. 'फाइझ' (२००३) चे पन्नासच्या पन्नास भाग एकट्या इनोउएंचे, शिवाय त्याच वर्षीचा चित्रपटही. 'किवा' (२००८) थोडे भाग वगळता त्यांची. आणि २०२२ मार्च ते २०२३ फेब्रुवारी या काळात 'आवातारो सेन्ताई डोनब्रदर्स'चे पुन्हा सर्व ५० भाग एकट्याने, वयाच्या बासष्टीनंतर. आठवड्याला एक भाग या वेगाने वर्षभर एकट्याने लिहिणे तिथेही विरळाच आहे.

अॅनिमेत मात्र 'मालिका-रचना' असे वेगळे पद असते. ती व्यक्ती कुठल्या भागात कथेचा कुठला तुकडा येणार हे ठरवते, इतर लेखकांच्या संहिता एका सुरात आणते आणि स्वतःही काही भाग लिहिते. मालिका-रचनेवर नाव आहे म्हणून प्रत्येक संवाद त्यांचाच असे समजू नये.

मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेये सवयीची आहेत. जपानी टीव्हीवर पटकथा आणि संवाद एकाच व्यक्तीचे आणि श्रेयही एकच. तिथल्या पात्रांचा बोलण्याचा ढंग आणि प्रसंगाची बांधणी इतकी चिकटून येते, त्यामागे हे कारण आहे.

एक भाग लिहून पूर्ण होण्याचे टप्पे कोणते?

१. आधी कथासूत्र: एक-दोन पानांत या भागात काय घडते.

२. मग दृश्यांची मांडणी. जपानीत याला 'हाकोगाकी' म्हणतात. प्रत्येक दृश्य एका खोक्यात लिहायचे आणि खोकी मागेपुढे करून क्रम लावायचा. अनुभवी लेखक हा टप्पा डोक्यातच करतात.

३. पहिला खर्डा.

४. बैठक. निर्माता, दिग्दर्शक, वाहिनीचा प्रतिनिधी आणि लेखक एकत्र बसून खर्डा पानोपानी तपासतात. अॅनिमे असेल तर मूळ मांगाच्या प्रकाशनसंस्थेचा संपादकही असतो.

५. दुसरा खर्डा, गरज पडल्यास तिसरा, आणि शेवटी अंतिम संहिता. ती छापून कलाकार-तंत्रज्ञांना वाटली जाते.

बिघडते ते बहुधा चौथ्या पायरीवर. प्रत्येकाची सूचना वेगवेगळी मान्य करत गेले तर चार खर्ड्यांनंतर संहितेत कुणाचाच आवाज उरत नाही. इनोउएंच्या कारकिर्दीत एका निर्मात्याशी जमलेली दीर्घ सोबत म्हणून महत्त्वाची ठरते. शिनइचिरो शिराकुरांबरोबर त्यांनी १९९६ मध्ये 'शांझेरिओन' केली, मग आगितो, फाइझ, डोनब्रदर्स. दोघांचा एकमेकांवर विश्वास असला की बैठकीत विचित्र कल्पना कापली जात नाही.

संहितेचे पान कसे दिसते? किती पाने लागतात?

तीन घटक: वर दृश्याचे शीर्षक (ठिकाण, वेळ), मग थोडे आत सरकवून कृतीचे वर्णन, आणि नावासह संवाद. हिशेब चौकटी आखलेल्या कागदावर चालतो. ४०० अक्षरांचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, २०० अक्षरांचे छोटे पान म्हणजे अर्धे मिनिट. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती आणि शीर्षकगीत वजा जाता वीस-बावीस मिनिटांचे नाट्य उरते.

तोकुसात्सुत हा हिशेब फसतो. तीन मिनिटांची हाणामारी संहितेत पाच ओळींत बसते, कारण प्रत्येक ठोसा साहसदृश्यांचा दिग्दर्शक बसवतो. लेखकाने लढाईचा हेतू लिहायचा: कोण कोणाला का अडवतो, कोणत्या क्षणी पारडे फिरते. नवा लेखक लढाई खुलवून लिहितो, पाने भरतात, आणि माणसांच्या दृश्यांना जागा उरत नाही. उलटे केले तर चित्रीकरणात भाग लांबतो आणि संकलनात नेमके शांत प्रसंग उडतात.

आणखी एक तांत्रिक बाब. मुखवटा चढल्यावर आत वेगळाच कलाकार असतो आणि संवाद नंतर ध्वनिमुद्रित होतात. त्यामुळे मुखवट्यातली वाक्ये उशिरापर्यंत बदलता येतात, चेहऱ्यावरची नाही. भावनेचे अवघड वाक्य कुठे ठेवायचे, हा निर्णय यावर अवलंबून असतो.

हे सगळे खेळणी विकण्यासाठी असते ना? मग लेखनाला काय अर्थ?

खेळणी विकायची असतात हे खरेच आहे. कुठल्या महिन्यात कुठले हत्यार, कुठले वाहन, कुठले नवे रूप बाजारात येणार याचे वेळापत्रक लेखकाला आधीच मिळते आणि त्या तारखेच्या आसपास ते पडद्यावर दिसावे लागते. शिवाय राक्षसाचा प्रत्येक नवा पोशाख महाग असतो. साधारण दोन भाग एकाच दिग्दर्शकाकडून एकत्र चित्रित होतात, म्हणून २००० नंतरच्या रायडर मालिकांत एक राक्षस दोन भाग पुरतो आणि पहिला भाग अधांतरी संपतो. ती शैली वाटते, तिच्या मागे वेळापत्रक आणि पैसे आहेत.

पण या बंधनातून काय करता येते यासाठी 'फाइझ' जरूर पाहावी. नायकाचे रूप पालटणारा पट्टा म्हणजे एक यंत्र: घडीचा मोबाइल, त्यावर ५-५-५ दाबून 'एंटर'. सोबत विजेरी आणि डिजिटल कॅमेरा, दोन्ही हत्यारे होतात. दुकानातली वस्तू आहे, हे लपवलेले नाही. इनोउएंनी त्यातून हा प्रश्न काढला: शक्ती माणसात नसून पट्ट्यात असेल, तर पट्टा कुणाच्याही हाती जाऊ शकतो. मग तो चोरला जातो, उसना दिला जातो, चुकीच्या माणसाकडे पोचतो. वर्षभराचे कथानक पट्टा कुणाकडे आहे यावर फिरते. विक्रीची वस्तू कथेचे इंधन झाली, आणि हे कौशल्य मनापासून दाद देण्यासारखे आहे.

त्यांचे लेखन ओळखायचे कसे?

पहिली खूण: पात्रे एकमेकांना पूर्ण सत्य सांगत नाहीत. फाइझमध्ये इनुई ताकुमी आणि किबा युजी हे दोघे भले लोक आहेत. मुखवट्यात ते एकमेकांशी जिवावर उठून लढतात आणि मुखवट्याबाहेर एकमेकांना मित्र समजतात. प्रेक्षकाला सगळे माहीत असते, त्यांना नसते. डोनब्रदर्समध्ये तर साथीदारांना कितीतरी भाग एकमेकांची पूर्ण ओळख नसते. 'एवढे बोलून टाकले असते तर प्रश्न मिटला असता' ही तक्रार त्यांच्यावर नेहमी होते. तक्रार रास्त आहे. मधल्या भागांत गैरसमज ताणले जातात, आणि सलग पाहताना ते आठवड्याला एक पाहण्यापेक्षा जास्त टोचते.

दुसरी खूण: जेवण. आगितोचा नायक स्वयंपाक करतो, भाज्या लावतो. ताकुमीला गरम खाता येत नाही, तो फुंकत बसतो. ताटासमोर बसलेला माणूस कसा वागतो, यावरून पात्र दोन मिनिटांत उभे राहते, आणि अशा दृश्याला खर्चही येत नाही.

तिसरी खूण: शत्रूलाही घर असते. फाइझमध्ये एकीकडे लाँड्रीच्या दुकानात राहणारे तिघे आणि दुसरीकडे मेल्यावर राक्षस म्हणून परतलेले तिघे, अशी दोन बिऱ्हाडे समांतर चालतात. दुसऱ्या बिऱ्हाडाची बाजू पहिल्या भागापासून दिसते.

'हिबिकी'च्या बाबतीत इतका वाद का झाला?

२००५ ची 'कामेन रायडर हिबिकी' सुरुवातीला निर्माते शिगेनोरी ताकातेरा यांची होती. ढोल आणि वाद्यांनी भुतांना शांत करणारे ओनी (जपानी लोककथांतल्या शिंगवाल्या राक्षसांचे रूप घेणारे नायक), डोंगर-जंगलातले संथ चित्रण, गुरू आणि किशोर यांचे नाते. ३० व्या भागापासून निर्माता बदलला. शिराकुरा आले आणि लेखनात इनोउए व शोजी योनेमुरा. लगेच किरिया क्योसुके नावाचा कुरकुर करणारा, स्पर्धा करणारा मुलगा आला आणि सूर संथपणाकडून संघर्षाकडे वळला.

सुरुवातीच्या २९ भागांवर जीव लावलेल्यांना हा बदल लागला, आणि ते समजण्यासारखे आहे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. निर्माता बदलणे हा लेखकाचा निर्णय नव्हता. पण आधीच्या मालिकेचा श्वास पकडण्याऐवजी इनोउएंनी स्वतःचा आणला, ही निवड त्यांची होती. ४८ पैकी उरलेल्या १९ भागांत किरियासारखे पात्र रुजायला वेळ पुरत नाही, हेही दिसते.

'डेथ नोट'मध्ये त्यांनी काय केले?

मूळ मांगा त्सुगुमी ओहबा (लेखन) आणि ताकेशी ओबाता (चित्रे) यांचा: १२ खंड, १०८ प्रकरणे. ज्याचे नाव लिहावे तो मरतो अशी वही लाइट या विद्यार्थ्याला मिळते, आणि एल हा गुप्तहेर त्याच्या मागावर असतो. अॅनिमे मॅडहाउस स्टुडिओचा, दिग्दर्शक तेत्सुरो आराकी, ऑक्टोबर २००६ ते जून २००७, ३७ भाग. मालिका-रचनाकार म्हणून १०८ प्रकरणे ३७ भागांत वाटणे हे इनोउएंचे काम.

सरासरी भागाला तीन प्रकरणे येतात, पण वाटणी तशी सपाट नाही. (इथून पुढे मोठा उलगडा आहे.) एलचा मृत्यू मांगात ५८ व्या प्रकरणात, अॅनिमेत २५ व्या भागात. म्हणजे पहिल्या टप्प्यात भागाला सव्वादोन प्रकरणे आणि उरलेली ५० प्रकरणे १२ भागांत, भागाला चारपेक्षा जास्त. दुसरा अर्धा घाईचा वाटतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एलचे वारसदार नियर आणि मेलो यांच्या डावपेचांतल्या मधल्या पायऱ्या गेल्या.

हा निर्णय बरोबर होता का? आमच्या मते हो. मांगाचा वाचक मागे जाऊन वहीचे नियम पुन्हा वाचू शकतो. टीव्हीसमोर बसलेल्याला ते शक्य नसते, आणि मनातल्या मनात चालणारी लांब गणिते पडद्यावर थिजतात. म्हणून जिथे दोन माणसांची टक्कर जिवंत होती तिथे वेळ दिला गेला. शेवटही बदलला: अॅनिमेत लाइट जखमी अवस्थेत गोदामाबाहेर पळतो आणि जिन्यावर मरतो, मांगात तो तिथेच कोसळतो. मांगाचा शेवट जास्त निर्दय आहे, अॅनिमेचा जास्त करुण. दोन्ही अनुभवावेत.

मांगासाठी त्यांनी काय लिहिले?

दोन कामे महत्त्वाची, दोन्ही 'मंथली हीरोज' या मासिकातली. २०११ मध्ये निघालेले हे मासिक सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत २०० येनला मिळे. पुढे छापील अंक थांबून मालिका संकेतस्थळावर गेल्या.

'स्वॉर्ड गाइ' २०१२ मध्ये सुरू झाली. चित्रे वोसामु किने यांची, पात्ररचना जेटमनचे जुने सहकारी आमेमिया यांची. जंगलात शापित तलवारीजवळ सापडलेले बाळ तलवार घडवणाऱ्या कारागिराच्या घरी वाढते, अपघातात हात गमावते, आणि त्याच तलवारीचा त्याला हात मिळतो. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याचे अॅनिमे आले. अॅनिमे आटोपशीर करण्याच्या नादात पात्रांची ओळख तुटक झाली आहे.

'कामेन रायडर कुउगा'चा मांगा २०१४ च्या अखेरीस सुरू झाला. चित्रे हितोत्सु योकोशिमा यांची, वीसहून अधिक खंड. श्रेयात 'मूळ कल्पना' म्हणून 'कामेन रायडर'चे जनक शोतारो इशिनोमोरी आणि 'पटकथा' म्हणून इनोउए, हा फरक लक्षात घ्यावा. टीव्हीवरचा कुउगा त्यांनी पूर्ण लिहिला नव्हता. इथे त्यांनी तो स्वतःच्या पद्धतीने, पोलीस अधिकारी इचिजो काओरूच्या नजरेतून नव्याने रचला आणि त्यात आगितोचे धागेही विणले. मांगाला पोशाखाचा खर्च नाही, सकाळच्या मुलांच्या वेळेचे बंधन नाही, म्हणून हिंसा आणि भीती थेट येते. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये.

टीव्हीच्या लेखकाला मांगा लिहिताना काय जड जाते?

सर्वांत जड जातो संवाद. पडद्यावर नट दोन ओळी तीन सेकंदांत बोलतो, पानावर त्या फुग्यात बसवाव्या लागतात आणि चेहरा झाकायचा नसतो. एका मिनिटाचा वाद दोन-तीन पाने खातो, आणि मासिकातल्या प्रकरणाची पाने मोजकीच असतात.

दुसरी अडचण पान उलटण्याची. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. डोळा आधी उजव्या पानावर, मग डाव्या पानावर जातो आणि तिथून पान उलटते. म्हणून उत्सुकता डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आणि धक्का उलटल्यावरच्या पहिल्या चौकटीत हवा. संहितेत हे लिहिले नाही तर धक्क्याचे चित्र समोरच्याच पानावर येते आणि वाचकाला आधीच दिसते.

आवाज आणि संगीत नसते, हे तर उघडच आहे.

लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर हक्क कोणाचा?

पैशांची सर्वसाधारण रचना अशी: मासिकात पानामागे मानधन, आणि खंडाच्या विक्रीवर छापील किमतीच्या साधारण १० टक्के मानधन, जे लेखक व चित्रकार करारानुसार वाटून घेतात. टीव्हीसाठी संहितेचे मानधन आणि पुनर्प्रसारण किंवा डिस्क निघाल्यावर पुनर्वापराचे मानधन. दुसरे बहुधा लेखकसंघटनेमार्फत गोळा होते, म्हणून सभासदत्व महत्त्वाचे.

हक्कांबाबत जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचा २५ ऑक्टोबर २००१ चा 'कँडी कँडी' निकाल पाया मानला जातो. लेखिका क्योको मिझुकी आणि चित्रकार युमिको इगाराशी यांच्यातला हा वाद. लेखिकेच्या मजकुरावरून काढलेला मांगा ही त्या मजकुराची साधित कृती आहे, त्यामुळे त्यातल्या चित्रांच्या वापरालाही लेखिकेची संमती लागते, असे न्यायालयाने ठरवले. न काढणाऱ्या लेखकालाही चित्रावर अधिकार आहे, हे यातून पक्के झाले. दुसरी बाजूही आहे: दोघांचे बिनसले तर एकाच्या नकाराने पुनर्मुद्रण कायमचे अडते. करार लेखी असावा, आणि भांडण होण्याआधी असावा.

डोनब्रदर्स पाहायला घ्यावी का? फार विचित्र आहे असे ऐकतो.

विचित्र आहे, आणि अप्रतिम आहे. मूळ आधार मोमोतारोची लोककथा: पीचमधून जन्मलेला मुलगा, कुत्रा, माकड, फेझंट (कोंबड्याच्या जातीचा रानपक्षी) आणि ओनी. इथला मोमोइ तारो सामान पोचवणारा आहे आणि त्याला खोटे बोलता येत नाही. 'कुत्रा' म्हणजे एक फरारी आरोपी. ओनी म्हणजे किटो हारुका, पुरस्कार मिळालेली शाळकरी मांगाकार, जिच्यावर साहित्यचोरीचा आरोप येऊन सगळे हिरावले गेले आहे. मांगासाठी लिहिणाऱ्या लेखकाने हे पात्र निवडले, ते फार जिव्हाळ्याने लिहिले आहे.

पहिले चार भाग गोंधळात पाडतात. दहाव्यापर्यंत तरी थांबा.

सुरुवात कुठून करावी आणि भारतात काय मिळते?

अॅनिमेची सवय असेल तर 'डेथ नोट' पुन्हा पाहा, या वेळी प्रत्येक भागाचे लेखक-श्रेय वाचत. मग 'फाइझ', मग 'जेटमन'. कुउगाचा मांगा इंग्रजीत टायटन या प्रकाशकाने काढला आहे आणि तो मूळ दिशेने, उजवीकडून डावीकडे छापला आहे. टीव्हीवरची मालिका न पाहता वाचता येतो.

'जेटमन'चा इंग्रजी उपशीर्षकांचा डीव्हीडी संच शाउट फॅक्टरीने अमेरिकेत २०१८ मध्ये काढला. डीव्हीडीसाठी अमेरिका प्रदेश १ आणि भारत प्रदेश ५, त्यामुळे साध्या प्लेअरवर ती चालत नाही. सर्व प्रदेशांचा प्लेअर आहे ना, हे मागवण्याआधी तपासा. ब्लू-रेची विभागणी वेगळी: अमेरिका आणि जपान दोन्ही 'ए' गटात, भारत 'सी' मध्ये.

मलाही असे लिहायचे आहे. मराठी माणसाला वाट आहे का?

जपानी टीव्हीची वाट जपानी भाषेतूनच जाते. तिथल्या नवोदितांसाठी फुजी टीव्हीची पटकथा स्पर्धा १९८७ पासून आहे, पहिलाच विजेता युजी साकामोतो तेव्हा १९ वर्षांचा होता. त्यात जपानीत लिहावे लागते.

मांगाची वाट अधिक मोकळी आहे. कोआमिक्स या जपानी प्रकाशनसंस्थेची 'सायलेंट मांगा ऑडिशन' ही स्पर्धा २०१२ पासून चालते. त्यात संवादच नसतात, म्हणून भाषा आडवी येत नाही. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्कार २००७ पासून दिला जातो, तो जपानबाहेरच्या कामांसाठी आहे. पानांची किमान संख्या आणि मुदत त्या वर्षीच्या नियमांत पाहून घ्या.

चित्र काढता येत नसेल तर चित्रकार शोधा, आणि त्याला पन्नास पानी कादंबरी देऊ नका. सोळा पानांची पूर्ण कथा द्या: प्रत्येक पानाला चार-पाच चौकटी, फुग्यात दहा-बारा शब्दांपर्यंत, आणि पान उलटण्याच्या जागा आधीच खूण केलेल्या. पहिल्या पानावर नायकाला काय हवे आहे ते दिसू द्या, आणि दुसऱ्या पानावर त्याच्या आड येणारा माणूस, ज्याचेही म्हणणे बरोबर आहे.